नव्या मॅडम, आठवीचा पैशांचा तास घेताय ना?

पहिल्याच दिवशी बचतीची व्याख्या फळ्यावर लिहू नका. मुलांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगा: बिस्किटं, साबण, चहा. छापील किमतीला वजनाने भागायला लावा. समजा, 100 ग्रॅमचा पुडा 20 रुपयांना आणि 400 ग्रॅमचा 90 रुपयांना. मोठा पुडा ग्रॅममागे महाग निघाला की वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या. घरी जाऊन आईला तेच सांगतात मुलं. त्याच पाकिटावर तारीख, निव्वळ वजन, तक्रारीचा नंबर शोधायला लावा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, हे आमच्या बऱ्याच पालकांनाही माहीत नव्हतं.

यूपीआयवर मात्र एक पूर्ण तास द्या. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, हे वाक्य पाठच करून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर वहीच्या मुखपृष्ठावर लिहून घ्या.

आणि एक, मनापासून सांगते: घरच्या उत्पन्नाचे आकडे वर्गात कुणालाही विचारू नका. कुणाच्या घरी कर्जाचे हप्ते थकलेले असतात. जमाखर्च काल्पनिक कुटुंबाचाच मांडा.