7 किलोच्या बॅगेत ब्लेझर न्यायचा, तर घडी कशी घालायची

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात लग्नासाठी पुण्याहून विमानाने जयपूरला जायचं आहे, तीन दिवस, फक्त केबिन बॅग. सोबत वुलन ब्लेझर, फॉर्मल पॅन्ट, दोन शर्ट (त्यातला एक लिननचा), जरीकाम असलेला कुर्ता आणि पायजमा, लेदरचे बूट. व्हिडिओंत बघून सगळं गुंडाळून भरलं, तर शर्ट चुरगळले आणि ब्लेझरचा खांदा दबला.

गुंडाळणं सरसकट चुकीचं नाही. टी-शर्ट, जीन्स, पायजमा, बनियन खुशाल गुंडाळा. इस्त्री केलेला शर्ट मात्र नको. दुहेरी कापड गुंडाळलं की बाहेरच्या पदराला वळसा मोठा पडतो, आतल्याला लहान. आतलं कापड उरतं आणि त्याच्या बारीक चुण्या पडतात. हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांचंही तसंच. जागा वाचते, पण वजन तेवढंच राहतं आणि दाबाने सुरकुत्या पक्क्या होतात. असा व्हिडिओ बघताना एवढं तपासा, की भरलेली बॅग काही तासांनी उघडून कपडे दाखवलेत का. दाखवले नसतील तर लग्नाच्या कपड्यांवर तो प्रयोग करू नका.

सुरकुती धरते ती ओल, उष्णता आणि दाब एकत्र आले की. इस्त्रीही याच तीन गोष्टींवर चालते. म्हणून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते निघायच्या घाईत इस्त्री करून गरम कपडा तसाच बॅगेत भरल्याने. कापडात वाफेची ओल असते आणि ते बॅगेतल्या घडीतच थंड होत वाळतं. इस्त्री आदल्या रात्री करा. निदान अर्धा-पाऊण तास तरी कपडे हँगरवर मोकळे राहू द्या.

आता वजन. आपल्याकडे देशांतर्गत विमानात केबिन बॅगला साधारण 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंमी एवढीच मुभा असते. चाकांची कडक कवचाची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते. ब्लेझर पाऊण ते एक किलो, लेदरचे बूट एक किलोच्या आसपास. म्हणून माझं स्पष्ट मत: ब्लेझर आणि बूट अंगावर घालूनच निघा. दोन किलो तिथेच वाचतात आणि ब्लेझरला माणसाच्या खांद्यांइतकी चांगली जागा बॅगेत मिळत नाही. विमानात बसताना मात्र तो काढा, नाहीतर पाठीखाली चुरगळतो. वरच्या कप्प्यात लोकांच्या बॅगा ठेवून झाल्या की सगळ्यांच्या वर, घडी घालून ठेवा.

ती घडी नीट समजून घ्या, बॅगेत भरायची वेळ आली तरी हीच. खिसे रिकामे करा. ब्लेझरची पुढची बाजू आपल्याकडे ठेवून दोन्ही हात आतून खांद्यांत घाला. डावा खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. उजवा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या पोकळीत टोपीत टोपी बसवावी तसा बसवा. आता पूर्ण कोटाचं अस्तर बाहेर आणि वरचं कापड आत झालं. दोन्ही बाह्या आत असतात, हात घालून त्या सरळ करा. बहुतेक जण इथेच चुकतात. बाहीला पीळ राहिला तर कोपरापाशी तिरपी रेघ उमटते, आणि ती चटकन जात नाही. लॅपेल (कॉलरखाली छातीवर दुमडलेला भाग) जिथून आपोआप वळतं तिथूनच वळू द्या, चापून दाबू नका. शेवटी आडवी घडी घालताना मध्ये गुंडाळलेला टी-शर्ट किंवा पंचा ठेवा. घडीला धार येत नाही, गोलाई राहते.

बॅग भरताना पॅन्ट सगळ्यात आधी. चारही शिवणी जुळवून इस्त्रीची रेघ धरा, कंबर बॅगेच्या एका कडेला लावा आणि पाय दुसऱ्या कडेवरून बाहेर सोडा. वर बाकीचे कपडे रचा, मग पाय त्यांच्यावरून आत घ्या. गुडघ्याशी कडक घडी पडत नाही. शर्टाचं वरचं, मधलं आणि खालचं बटण लावा, कॉलरच्या आत मोज्यांची गुंडाळी ठेवा. दोन शर्टांच्या मध्ये ड्रायक्लीनवाल्याची पातळ प्लास्टिकची पिशवी घाला. कापड एकमेकांवर अडत नाही, घसरतं, त्यामुळे चुणी धरायला आधार मिळत नाही. बूट बॅगेतच न्यायचे असतील तर चाकांच्या बाजूला, नाहीतर बॅग उभी केली की सगळं त्यांच्याखाली दबतं. आणि बॅग अर्धवट रिकामी ठेवू नका. कपडे आत हिंडले की चुरगळतात.

पोचल्यावर चहाच्याही आधी कपडे टांगा. लोकर वाफेला चांगला प्रतिसाद देते. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडा, ब्लेझर पाणी उडणार नाही असा दहा-पंधरा मिनिटं लटकवा. मग तासभर खोलीत वाळू द्या. ओलसर ब्लेझर घालून बसलात तर कोपरं फुगतात. लिननला नुसती वाफ पुरत नाही. थोडं पाणी शिंपडून, ओलं असतानाच कडक इस्त्री फिरवा. नंतर बसल्या-बसल्या जी मऊ चुणी पडते ती लिननला शोभते, तिच्यामागे लागू नका.

हॉटेलच्या इस्त्रीचा तळ आधी टॉवेलवर फिरवून बघा, जुना डाग असला तर तो तिथेच उतरू दे. कुर्ता उलटा करून, जरीखाली जाड टॉवेल आणि वर सुती रुमाल ठेवून मंद इस्त्री करा. जरीवर पाणी शिंपडू नका आणि वाफही सोडू नका, ती काळवंडते.