मुलाला त्या शब्दातून मोकळं करा

प्रश्न : मी दापोली तालुक्यात शिक्षक आहे. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली. निदान झालं तेव्हा ती 39 वर्षांची होती, रिपोर्टवर ‘हर-टू 3+’ लिहिलं होतं, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू या रिसेप्टरचं प्रमाण खूप जास्त. शेवटच्या दिवसांत मुलाने तिला शब्द दिला होता, ‘मी यावर औषध शोधीन’. तो आता बारावी सायन्सला आहे. सहामाहीत जीवशास्त्रात 84 आणि रसायनात 61 टक्के पडले. त्याला मॉलिक्युलर बायोलॉजीला घालून याच रिसेप्टरवर संशोधन करायला लावायचं ठरवलं आहे. पण हल्ली तो फिशरीज म्हणतो आणि हर्णै बंदरावर जाऊन बसतो. शब्दाची आठवण करून दिली की गप्प होतो. धाकटी मुलगी 14 वर्षांची आहे, तिलाही हा आजार होईल का, ही भीती वेगळीच. कोणती परीक्षा, कोणता क्लास लावू?

उत्तर : नमस्कार सर. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. ‘शब्दाची आठवण करून दिली की गप्प होतो.’ तो शब्द त्याने पंधराव्या वर्षी, आई डोळ्यांसमोर जात असताना दिला. त्या वयाचा मुलगा अशा वेळी आईला बरं वाटावं म्हणून काहीही कबूल करतो. तिला तेव्हा बरं वाटलं असेल, तर त्या शब्दाचं काम तिथेच झालं. आज त्याच्यावर कोर्सची निवड लादणं मला चुकीचं वाटतं, आणि पुन्हा पुन्हा त्याची आठवण करून देणं तर क्रूर आहे. तुमचा हेतू तसा नाही, हे समजतं. पण गप्प होणारा मुलगा पटलं म्हणून गप्प होत नाही. आईबद्दल बोलायला गेलं की करिअरचा विषय निघतो, एवढं त्याला कळलेलं आहे. त्यामुळे तो आईबद्दलही तुमच्याशी बोलत नसणार. क्लासची चौकशी करण्याआधी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगा, ‘तो शब्द पूर्ण झाला, तू मोकळा आहेस.’ सूचक बोलून भागणार नाही, हेच शब्द वापरा.

आता एका मोठ्या गैरसमजाबद्दल. एक हुशार मुलगा मनावर घेतो आणि औषध शोधतो, असं संशोधनात घडत नाही. तुमच्या पत्नीच्या रिपोर्टवरच्या हर-टूचाच प्रवास पाहा. पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं, बाहेरचा संदेश आत पोचवणारं हे प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर. निरोगी पेशीत त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये त्या कितीतरी पटींनी वाढतात, पेशीवर रिसेप्टरची दाटी होते, ते एकमेकांशी जोड्या जमवतात आणि ‘विभाजन कर’ हा संदेश थांबतच नाही. ही गोष्ट सुरू होते हर-टूच्या भाऊबंद रिसेप्टरला चालू करणाऱ्या प्रथिनापासून. वाढीला चालना देणारं ईजीएफ हे प्रथिन स्टॅन्ली कोहेन यांनी 1962मध्ये उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळं केलं, आणि त्या कामाला नोबेल मिळालं 1986मध्ये, रीता लेवी-मोंतालचिनी यांच्यासोबत. हर-टूचं उंदरातलं रूप 1982च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट वाईनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी या भारतीय संशोधकाच्या कामातून समोर आलं. पाढी पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत होते. माणसातलं जनुक 1985मध्ये हाती लागलं. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये दाखवलं की स्तनाच्या ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, त्या जास्त आक्रमक असतात. या रिसेप्टरला चिकटून त्याचं काम रोखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1998मध्ये. 1982पासून सोळा वर्षं, कित्येक प्रयोगशाळा, एक औषध कंपनी आणि चाचण्यांत भाग घेणाऱ्या शेकडो स्त्रिया. यातल्या कुणा एकाने ‘औषध शोधलं’ असं म्हणता येत नाही. एकट्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवलीत तर चाळिशीतही त्याला आपण हरलो असंच वाटत राहील.

या क्षेत्रातलं रोजचं काम कसं असतं, तेही दोघांनी समजून घ्या. रिसेप्टर चालू झाला की त्यावर फॉस्फेट लागतो. तो चालू आहे की बंद, हे पाहायला वेस्टर्न ब्लॉट करतात, म्हणजे पेशीतली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, पडद्यावर उतरवून हवं ते अँटिबॉडीने ओळखायचं. पेशी 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवायच्या. त्यांच्या खाद्यातलं सीरम (रक्तातला द्रव) काढून रात्रभर उपाशी ठेवायच्या, नाहीतर सीरममधलेच घटक रिसेप्टर आधीच चालू करून ठेवतात. मग ईजीएफ द्यायचं, साधारण मिलिलिटरला 100 नॅनोग्रॅम, पाच-दहा मिनिटंच. लगेच बर्फावर घेऊन पेशी फोडायच्या आणि द्रावणात ऑर्थोव्हॅनाडेट हे रसायन घालायचं. ते विसरलं तर पेशीतलीच एन्झाइम्स रिसेप्टरवरचा फॉस्फेट काढून टाकतात आणि सगळा प्रयोग कोरा येतो. हर-टू 185 किलोडाल्टनचं अवजड प्रथिन, म्हणून जेल 8 टक्क्यांच्या आसपासचं घ्यायचं. दाट घेतलं तर ते वरच अडकतं. पडद्यावर उतरायलाही त्याला वेळ लागतो. फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी वापरायची असेल तर पडदा आधी दुधाच्या पावडरीऐवजी बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणात ठेवतात, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन असतं आणि सगळा पडदाच काळपट दिसतो. दोन-तीन दिवसांनी हाती येते एक पट्टी. कधी तीही येत नाही. कधी महिन्यांनंतर कळतं की पेशींना मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्ग होता आणि आधीचे सगळे आकडे टाकून द्यावे लागतात. ज्याला या कामाचीच ओढ आहे तो हे आनंदाने सोसतो. दुःखाच्या भरात आलेला टिकत नाही.

रस्ते सांगतो : बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, नायसर किंवा मुंबईतल्या सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट, नाहीतर दापोली-रत्नागिरीतच बीएस्सी करून जॅम किंवा गॅट-बी या परीक्षांमार्फत एमएस्सी, पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा, आणि खारघरचं ॲक्ट्रेक किंवा पुण्याचं एनसीसीएस या संशोधन संस्था. पीएचडी संपेपर्यंत तो अठ्ठावीस-एकोणतिशीत असेल. पीएचडी करताना मिळणारी जेआरएफ शिष्यवृत्ती 2023पासून महिना 37,000 रुपये आहे, पण कायम नोकरी पीएचडीनंतरच्या पोस्टडॉक या तात्पुरत्या संशोधनकाळानंतर. रसायनात 61 टक्के हा अडथळा नाही. मात्र या क्षेत्रात रसायन टाळता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आता फिशरीज. ‘बंदरावर जाऊन बसतो’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. मला त्यात निरीक्षण दिसतं. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांचा बीएफएस्सी हा मत्स्यशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि तिथे रेणूंचं शास्त्र नसतं हा समज काढून टाका. कोळंबीच्या तलावात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला की काही दिवसांत अख्खं पीक मरतं, म्हणून तलावात सोडण्याआधी बीज पीसीआरने, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून, तपासतात. तंत्र तेच, जे कॅन्सरच्या प्रयोगशाळेत रोज वापरलं जातं. पुढे त्याला स्वतःहून मॉलिक्युलर बायोलॉजीकडे वळावंसं वाटलं तर मत्स्य-जैवतंत्रज्ञानातून वाट आहे. नाही वळला तरी त्याचं काही वाया गेलेलं नसेल. माझं मत विचाराल तर त्याला शिरगावला जाऊ द्या. सुट्टीत एकदा त्याला ते महाविद्यालय दाखवून आणा, तुम्हीही सोबत जा आणि तिथे प्रश्न त्याला विचारू द्या.

मुलीबद्दलची भीती मात्र क्लासपेक्षा तातडीची आहे, आणि तिचं उत्तर मुलाच्या करिअरमध्ये शोधू नका. हर-टूच्या प्रती त्या गाठीच्या पेशींत वाढलेल्या असतात, त्या मुलांकडे जात नाहीत. पण 39व्या वर्षी झालेला स्तनाचा कॅन्सर हे बीआरसीए-1, बीआरसीए-2 या जनुकांतला आनुवंशिक दोष तपासण्याचं पुरेसं कारण आहे. टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे. मुलीची तपासणी आत्ता करायची नसते. हा आजार मोठेपणीचा, म्हणून ती अठरा वर्षांची झाल्यावर, तिच्या इच्छेने. आधी पत्नीच्या सख्ख्या बहिणींनी समुपदेशन घ्यावं. जाताना पत्नीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, निदानाची तारीख, आणि माहेरच्या तीन पिढ्यांत कुणाला, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर झाला याची यादी न्या. पुरुषांची नावंही लिहा, कारण दोष पत्नीला तिच्या वडिलांकडूनही आलेला असू शकतो. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) अजून जपून ठेवलेला आहे का, तेही विचारा. असेल तर तो नष्ट होण्याआधी मागून घ्या. काही वेळा त्यावरून तपासणी करता येते. मुलांच्या मावशीला या आठवड्यातच फोन करा.