उंदरांना डायबेटिस ‘करतात’ कसा? आणि डीएनएच्या दुरुस्तीशी त्याचा काय संबंध?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वडिलांना दहा वर्षांपासून टाइप २ आहे, ‘डीएनए दुरुस्तीमुळे उंदरांचा मधुमेह रोखला’ अशी बातमी फॅमिली ग्रुपवर आली आणि तिच्या पाठोपाठ चुलतभावाने एनएडी (पेशीला ऊर्जा काढायला लागणारा एक रेणू) वाढवणाऱ्या गोळ्यांची लिंक टाकली. त्या गोळ्या सुरू कराव्यात का, हा तुमचा खरा प्रश्न. तिथे येतेच, पण वाट अॅनिमल हाउसमधून, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या जागेतून जाते. फार्माकॉलॉजीत पीएचडी करताना माझी साडेचार वर्षं तिथेच गेली.

आधी भाषेची एक गोची. मराठी बातमीत सगळे ‘उंदीर’च. आमच्याकडे रॅट वेगळा, माऊस वेगळा. रॅट पाव किलोचा, माऊस पंचवीस-तीस ग्रॅमचा, आणि दोघांचा डोसही एक नाही. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, नक्की कोणता प्राणी? दुसरा प्रश्न, त्याला डायबेटिस झाला कसा? बहुतेक बातम्यांत दुसऱ्याचं उत्तर नसतं, आणि सगळी मेख तिथेच असते.

सर्वात जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन, आमच्या बोलण्यात एसटीझेड. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ब्लू रॅपिड्स गावच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून अपजॉन कंपनीने ते मिळवलं, प्रतिजैविक म्हणून. १९६३ मध्ये लक्षात आलं की ते दिलेल्या प्राण्यांची साखर वाढते. पुढे ते स्वादुपिंडाच्या एका कर्करोगावर औषध झालं आणि प्रयोगशाळांमध्ये डायबेटिस ‘करायचं’ साधन.

त्या रेणूचा एक तुकडा ग्लुकोजचा आहे आणि दुसरा डीएनएला चिकटून त्याची अक्षरं बिघडवणारा. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या भिंतीत ग्लूट-२ नावाचं ग्लुकोज आत घेणारं दार असतं. ते याला ग्लुकोज समजून आत घेतं. (यकृत आणि मूत्रपिंडातही ग्लूट-२ आहे. त्यामुळे एसटीझेड दिलेल्या रॅटची किडनी बिघडली तर ती साखरेमुळे की थेट औषधामुळे, हा वाद प्रत्येक सेमिनारमध्ये कोणी ना कोणी उकरतोच.)

माझी पहिली बॅच पूर्ण फसली होती. एसटीझेड साइट्रेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणात विरघळवतात, पीएच ४.५ लागतो, बर्फावर ठेवून फॉइल गुंडाळायचं आणि काही मिनिटांत टोचून मोकळं व्हायचं. पीएच सातच्या आसपास गेला की औषधाची वाट लागते. फ्रिजमध्ये कुणीतरी करून ठेवलेल्या बाटलीवर ‘साइट्रेट’ लिहिलेलं पाहिलं आणि मी पीएच न बघताच वापरली. वर बारा रॅटची वजनं करत बसले ती वेगळीच. ७२ तासांनी शेपटीच्या टोकाचा थेंब ग्लुकोमीटरवर घेतला. हो, आपण घरी वापरतो तोच ग्लुकोमीटर. २५० च्या वर तिघेच, बाकी नऊ जण १००-११० वर, अगदी मजेत. पुन्हा बारा रॅट हवेत म्हणून एथिक्स कमिटीला लेखी कारण द्यावं लागलं. ‘बफरचा पीएच तपासला नाही’ हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं होतं.

बॅच नीट जमली की वेगळीच धावपळ. पहिल्या रात्री उलटंच होतं, मरणाऱ्या पेशींतून साठवलेलं इन्सुलिन एकदम सांडतं आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून त्या रात्री बाटलीत ग्लुकोजचं पाणी ठेवतात. तिसऱ्या दिवसापासून एरवी दोन-तीन दिवस पुरणारी पाण्याची बाटली सकाळी रिकामी मिळते आणि पिंजऱ्यातलं तूस ओलं चिंब. आठवड्यातून दोनदा बदलायचं तूस रोज बदलावं लागतं. आमच्या अॅनिमल हाउसचे मामा मीटरकडे बघायचेच नाहीत, तूस हातात घेऊन सांगायचे, “चार नंबरला लागलीय शुगर.” त्यांचं कधी चुकलं नाही.

आता डीएनए. एसटीझेडने अक्षरं बिघडवली, ठीक. पण पेशी मरते ती फक्त त्या बिघाडाने नाही. तुटका डीएनए दिसला की पार्प नावाचं एन्झाइम तिथे जाऊन बसतं आणि एनएडीच्या रेणूंची माळ ओवायला लागतं. दुरुस्तीच्या बाकी यंत्रणेला ती खूण असते. माळेचा प्रत्येक मणी म्हणजे खर्च झालेला एक एनएडी. हाच एनएडी पेशीला ग्लुकोजपासून ऊर्जा काढायलाही लागतो. नुकसान थोडं असेल तर हिशोब जमतो. हजारो ठिकाणी एकदम तुटलं तर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला: दुरुस्तीपायी एनएडी संपतो आणि पेशी उपाशी मरते.

हा अंदाज जपानमध्ये ओकामोटो यांच्या गटाने १९८१ मध्ये मांडला. पुरावा १९९९ मध्ये आला, आणि तोही तीन वेगवेगळ्या गटांकडून एकाच वर्षी. पार्प-१चं जनुकच काढून टाकलेल्या माऊसना एसटीझेड दिलं तरी डायबेटिस झाला नाही. दुरुस्तीचा कामगारच नसल्यामुळे पेशी वाचली! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून परत वाचलं होतं. म्हणजे ‘डीएनए दुरुस्ती वाढवा, मधुमेह पळवा’ ही तुमच्या बातमीची ओळ या मॉडेलमध्ये तरी उलटी पडते.

मग कुणालाही सुचेल तेच सुचलं: एनएडीचा कच्चा माल आधीच भरून ठेवला तर? निकोटिनामाइड, ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, आधी दिलं तर प्राण्यांच्या बीटा पेशी वाचतात. स्वस्त आणि जुनं औषध. त्यावर युरोपातल्या १८ देशांत, शिवाय कॅनडा आणि अमेरिकेत मोठी चाचणी झाली, एंडिट नावाची. टाइप १ असलेल्यांच्या, स्वतःलाही तो होण्याचा धोका असलेल्या ५५२ नातेवाइकांना पाच वर्षं निकोटिनामाइड किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. निकाल २००४ मध्ये आला. डायबेटिस झालेले १५९ जण, त्यांतले ८२ निकोटिनामाइडवाले, ७७ नुसत्या गोळीवाले. फरक शून्य. माणसाच्या टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बीटा पेशींवर महिनोन्‌महिने हल्ला करत असते. एका दुपारी टोचलेल्या एसटीझेडची ती नक्कल नव्हे. शिवाय माणसाच्या बीटा पेशींत ग्लूट-२ फार कमी असतं, म्हणून त्या एसटीझेडला तशा बधतही नाहीत.

आणि तुमच्या वडिलांना तर टाइप २. त्यांच्यासाठी जास्त जवळचं काम अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडला स्टीफन लॉइड यांच्या प्रयोगशाळेत झालं. डीएनएमधलं ऑक्सिजनने गंजलेलं अक्षर कापून काढणारी काही एन्झाइमं असतात, त्यांतलं एक नील-१. ते जनुक बंद केलेल्या माऊसना कर्करोग होईल अशी कुणाचीही अटकळ असती. २००६ मध्ये त्यांनी छापलं ते वेगळंच होतं: हे माऊस लठ्ठ झाले, यकृतात चरबी साठली, रक्तातली चरबी वाढली, इन्सुलिनही चढायला लागलं. म्हणजे दुरुस्ती कमी पडल्यावर ट्यूमरच्या आधी पोट सुटलं. मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या चुलीला, स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि सगळ्यात जास्त धूर तिथेच. तो जास्त खराब झालेला आढळला.

लगेच नाचू नका. त्याच प्रयोगशाळेने २०११ मध्ये स्वतःच लिहिलं की हे सगळ्या माऊसमध्ये सारखं दिसत नाही. तुपकट खाणं दिलं की मात्र नील-१ नसलेले जास्त फुगतात. ओजीजी-१ या भावंड एन्झाइमचंही २०१२ मध्ये तसंच निघालं, आणि २०१८ मध्ये उलट बाजूने: मायटोकॉन्ड्रियात ओजीजी-१ जास्त घातलेले माऊस तुपकट खाऊनही कमी लठ्ठ झाले. तुमची बातमी बहुधा अशाच एखाद्या कामावरून आली असावी. पण त्या माऊसमध्ये जास्तीचं जनुक जन्माआधीच घातलेलं होतं. ते गोळीत मिळत नाही.

आपल्या लोकांच्या डायबेटिसशी जवळचं म्हणून एक पुण्याचंही सांगते. इथे रॅटच्या ५० पिढ्या अर्धपोटी वाढवल्या आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं, तरी डायबेटिसकडचा कल गेला नाही. हार्डीकर आणि सहकाऱ्यांनी ते २०१५ मध्ये छापलं. यात सापडलेला बदल डीएनएच्या तुटलेल्या अक्षरांचा नव्हता, इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या खुणा बदलल्या होत्या. म्हणजे जे सापडलं त्यात ‘दुरुस्त’ करायला तुटलेलं असं काही नव्हतंच.

आता गोळ्या. एनएडी वाढवणाऱ्या एनएमएनने माऊसचा डायबेटिस सुधारल्याचं २०११ पासून छापून येतंय. माणसात? डेन्मार्कमध्ये ४० लठ्ठ पुरुषांना याच जातीचं एनआर रोज २ ग्रॅम, १२ आठवडे दिलं. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला नाही (२०१८). अमेरिकेत २५ प्रीडायबेटिक, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या बायकांवर एनएमएनची चाचणी झाली. दहा आठवड्यांनी ते घेणाऱ्यांच्या स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण रक्तातली साखर खाली आली नाही (२०२१). त्या बायका प्रीडायबेटिक होत्या. दहा वर्षं टाइप २ असलेले, रोजची औषधं चालू असलेले तुमच्या वडिलांसारखे नव्हेत.

त्यामुळे मी माझ्या बाबांना त्या दिल्या नसत्या. चुलतभावाने बाटली आधीच पाठवली असेल तर मागचं लेबल वाचा. ब-३ जीवनसत्त्वाच्या रूपांतलं सगळ्यात जुनं आणि स्वस्त म्हणजे नियासिन, आणि नियासिनचा मोठा डोस डायबेटिस असलेल्या माणसाची साखर वर नेऊ शकतो. ते नाव दिसलं तर बाटली न उघडता पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांपुढे ठेवा.