एमबीए करायचं का, याआधी ओपीडी सोडायची का ते ठरवा

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी असा समजले: एमडी मेडिसिन होऊन पाच वर्षं झाली, पुण्यात एका कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट आहात, महिन्याला अडीच लाखांच्या आसपास मिळतात. हॉस्पिटल कसं चालतं यात आपलाही शब्द असावा असं वाटतंय, म्हणून आयएसबी (हैदराबादचं बिझनेस स्कूल) किंवा आयआयएमचा एक वर्षाचा कोर्स डोक्यात आहे. घरच्यांचं म्हणणं, एवढं शिकून झाल्यावर हे कसलं नवीन खूळ!

मी भूलतज्ज्ञ. चाळिशीच्या अलीकडे नोकरी सोडून एमबीए केलं, आणि त्यानंतरचा बहुतेक काळ हॉस्पिटल ऑपरेशन्समध्ये गेला. ऑपरेशन थेटरमध्ये अजूनही जाते, पण हल्ली हातात लॅरिंगोस्कोपपेक्षा (घशात नळी घालताना लागणाऱ्या उपकरणापेक्षा) थेटर युटिलायझेशनचा तक्ताच जास्त वेळा असतो.

फीचा हिशेब तुम्ही केलाच असेल. आयएसबीला राहण्याखाण्यासकट 40 लाखांच्या घरात जातात. तेवढं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण 53 हजार. शिवाय वर्षभराचं बुडालेलं उत्पन्न 30 लाख. म्हणजे निर्णय 70 लाखांचा. पण फिजिशियनच्या बाबतीत सगळ्यात महाग गोष्ट या हिशेबात येतच नाही. वारजे, शिवणे, धायरीकडचे जे फॅमिली डॉक्टर आज तुम्हाला पेशंट पाठवतात, ते रात्री अकराला फोन केल्यावर तुम्ही उचलता म्हणून पाठवतात. वर्षभर तुम्ही हैदराबादला किंवा अहमदाबादला असाल तेव्हा ते फोन दुसऱ्या कुणाला तरी जाणार, आणि परत आल्यावर आपोआप तुमच्याकडे वळणार नाहीत. जो डायबेटिसचा पेशंट आईला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला घेऊन येतो, तोही तोवर कुठेतरी रुळलेला असतो. परतल्यावर प्रॅक्टिस करायची म्हटली तर पुन्हा एमजीवर (मिनिमम गॅरंटी, म्हणजे हॉस्पिटलने ठरवून दिलेल्या किमान रकमेवर) बसावं लागतं, आणि ती एमजी ठरवताना कुणी तुमचं एमबीए बघत नाही.

मला हे सोपं गेलं, कारण भूलतज्ज्ञाला पेशंट शोधत येत नाही, सर्जन बोलावतो. सर्जनचा फोन नंबर असला की शनिवार-रविवारच्या ऑपरेशनच्या लिस्ट पुन्हा सुरू होतात. रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट यांचंही तेच. फिजिशियन आणि सर्जन यांना मात्र गॅप महागात पडतो. म्हणून एखाद्या रेडिओलॉजिस्ट मित्राने ‘काही फरक पडत नाही रे’ असं सांगितलं असेल, तर त्याच्यापुरतं ते खरं आहे.

आता, शब्द असावा म्हणजे नेमकी कुठली खुर्ची हवी? मेडिकल सुपरिंटेंडेंट किंवा मेडिकल डायरेक्टर व्हायचं असेल तर एवढा घाट घालू नका. टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा किंवा आयएसबीचाच आरोग्यक्षेत्रासाठीचा एएमपीएच नोकरी सांभाळून होतो, आणि त्या पदासाठी एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) एखादं असेसमेंट अंगावर घेऊन पार पाडलेलं असणं याला जास्त वजन आहे. (एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन एएफएमसी, एम्समध्ये असतं, पण तो रस्ता पीजीच्या प्रवेश परीक्षांतून जातो, एएफएमसीला नीट-पीजी, एम्सला आयएनआय-सीईटी. तुमचा तो टप्पा गेला, ज्युनिअर वाचत असतील त्यांच्यासाठी लिहिलं.) फार्मा कंपनीत मेडिकल ॲडव्हायजर व्हायचं असेल तर तुमची एमडी पुरेशी आहे. स्वतःचं हॉस्पिटल काढायचं असेल तर फीचे पैसे भांडवलाला लावा. मदुराईच्या डॉ. व्यंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये 11 खाटांवर अरविंद हे डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं. जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये आज अरविंदचं उदाहरण शिकवलं जातं, पण डॉक्टर स्वतः अशा शाळेत गेले नव्हते. नारायणा हेल्थ ही हॉस्पिटलची साखळी उभी करणारे बंगळुरूचे डॉ. देवी शेट्टी, तेही सर्जनच. व्यवस्थापन शिकलेली माणसं सोबत घेतली की झालं.

उरली ती माणसं, ज्यांना युनिट हेड व्हायचंय, नफातोट्याची जबाबदारी घ्यायचीय, किंवा कन्सल्टिंग, हेल्थ-टेक, गुंतवणूक फंड यांत शिरायचंय. त्यांनी पूर्णवेळ एमबीए जरूर करावं, कारण या नोकऱ्या बऱ्याच अंशी कॅम्पसमधून आणि तिथल्या ओळखींतून मिळतात. आणि मागणी खरीच आहे. पुण्यातली सह्याद्री साखळी 2022 मध्ये कॅनडातल्या ओंटारियो टीचर्स पेन्शन प्लॅनने घेतली, 2025 मध्ये मणिपालने ती त्यांच्याकडून घ्यायचं जाहीर केलं. एवढा पैसा फिरतो तिथे वॉर्ड आणि बॅलन्स शीट दोन्ही वाचणारा माणूस लागतोच. (बॅलन्स शीटला घाबरू नका, ती एबीजीपेक्षा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या रिपोर्टपेक्षा, सोपी असते.)

एमबीएचा मला सगळ्यात जास्त उपयोग कशात झाला, तर डिस्चार्जमध्ये. तुम्हीही रोज बघत असाल: सकाळी दहाच्या राउंडला ‘आज घरी जा’ सांगितलेला पेशंट संध्याकाळी पाचला रिसेप्शनवर चिडलेल्या नातेवाइकांसोबत बसलेला असतो, आणि इमर्जन्सीत ट्रॉलीवर दुसरा पेशंट त्याच खाटेची वाट बघत असतो. सगळे बिलिंगला शिव्या देतात. आम्ही ऑपरेशन्सच्या तासाला शिकल्याप्रमाणे एकेका फाईलमागे चालत गेलो, प्रत्येक टेबलावर आली किती वाजता आणि सुटली किती वाजता ते लिहीत. बिलिंगला फाईल पोचायचीच दुपारी दोननंतर. अडायची कुठे, तर डिस्चार्ज समरीवर. आरएमओ (वॉर्डातला निवासी डॉक्टर) सगळा राउंड संपल्यावर समरी टाइप करायला बसायचा, मग कन्सल्टंट ओपीडीतून सुटेपर्यंत सहीला थांबायचा, तोवर फार्मसीत परत द्यायची औषधं सिस्टरच्या ट्रेमध्येच. उपाय अगदी साधा: उद्या जाणार हे जवळपास नक्की असलेल्यांची समरी आदल्या रात्रीच्या ड्युटीने कच्ची तयार ठेवायची, उरलेली औषधंही रात्रीच परत करायची, सकाळी फक्त बदल आणि सही. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाने कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असं बंधन घातलंय, पण ते तीन तास आपण कागद पाठवल्यावर सुरू होतात. कागदच दोनला गेले तर टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाला) बोलून उपयोग नाही.

हे एमबीएशिवाय सुचलं नसतं असं नाही. पण ‘कामचुकार कोण’ हे न विचारता ‘फाईल कुठे थांबते’ हे बघायची नजर मला तिथे मिळाली. आपल्याला एका पेशंटचा विचार करायची सवय, तिथे तीनशे पेशंटची सरासरी आणि रांग यांचा विचार करायला लावतात.

तिथे न शिकवलेली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. काल ज्यांच्यासोबत कँटीनमध्ये चहा प्यायलात, त्यांच्याच अँटिबायोटिकच्या खर्चाचा कागद घेऊन आज त्यांच्या केबिनमध्ये जायचं असतं, आणि त्या दिवसापासून तुम्ही ‘मॅनेजमेंटवाले’ होता. एका हॉस्पिटलमध्ये माझ्याकडे ओपीडीतून ॲडमिशन किती टक्के होतात याचा कन्सल्टंटनिहाय तक्ता दर महिन्याला मागायला लागले. विभागवार आकडे मी दिले. नावांसह द्यायला नकार दिला, कारण असा तक्ता भिंतीवर लागला की गरज नसलेली ॲडमिशन व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या अप्रेझलमध्ये त्याची किंमत मोजली. तुम्ही त्या खुर्चीत बसलात तर ही मागणी कुठल्या ना कुठल्या रूपात येणारच. कुठल्या आकड्याला नाही म्हणायचं, हे जायच्या आधीच मनाशी पक्कं असू द्या.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. जीमॅट या प्रवेश परीक्षेत आता तीन भाग, प्रत्येकी 45 मिनिटांचे. भूमिती काढून टाकलीय. दहावीनंतर गणित सोडलेल्या आपल्यासारख्यांना बीजगणितावर तीन-चार महिने मेहनत घ्यावी लागते, बाकी जमतं. स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा आत्ता देऊन निर्णय नंतर घेतला तरी हरकत नाही. रेसिडेन्सी (एमडी करतानाची हॉस्पिटलमधली वर्षं) अनुभवात धरतात की नाही हे प्रत्येक संस्थेच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करून लेखी विचारा. निबंधात रुग्णसेवेची तळमळ लिहू नका, सगळे डॉक्टर तेच लिहितात. तुमच्यामुळे वॉर्डातली कुठली एक पद्धत बदलली ते लिहा. आणि आयएसबीचा पीजीपी, म्हणजे तो एक वर्षाचा कोर्स, ही विद्यापीठाची पदवी नव्हे. कॉर्पोरेटमध्ये त्याने काही अडत नाही, पण सरकारी पदावर डोळा असेल तर आधी तपासा.

फॉर्म भरण्याआधी एक करा. तुमच्या सुपरिंटेंडेंटकडे डिस्चार्ज, इन्फेक्शन कंट्रोल किंवा मॉर्टॅलिटी ऑडिट, यांपैकी एका कमिटीचं काम मागून घ्या आणि सहा महिने मन लावून करा. एखादा शनिवार टीपीए डेस्कवर बसून काढा. मिटिंगचे मिनिट्स लिहिणं, त्याच माणसाला तेच पाचव्यांदा आठवण करून देणं, हेच पुढे रोजचं काम असतं. ते करताना ओपीडीची आठवण येत राहिली, तर 70 लाख वाचले.

गेलात तर एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन चालू ठेवा, त्यासाठी लागणारे पाच वर्षांतले 30 क्रेडिट अवर्स त्या वर्षाच्या गडबडीत राहून जातात. आणि एक विचारायचं राहिलं: तुमची ओपीडी बहुतेक हॉस्पिटलच्या नावावर येणारी आहे, की डायबेटिस-थायरॉइडची स्वतःची प्रॅक्टिस बांधली आहे? दुसरं असेल तर माझा कल पूर्णवेळ कोर्सच्या विरोधात आहे. पहिलं असेल तर गमावण्यासारखं तुम्हाला वाटतं त्याहून कमी आहे. ते कळवा, मग पुढचं बोलू.