केस वाढतात, मग लांबी जाते कुठे?

प्रश्न : ताई, मी सोलापूरची. दोन वर्षं झाली, वेणी पाठीच्या मध्यावरच अडकलीय. न्हायला बोअरचं पाणी, कामावर जायला स्कूटी. केस वाढायचे थांबले का?

उत्तर : अगं, थांबले नाहीत. महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतातच. तुझे तेवढेच खाली तुटतायत. शेंडा उजेडात धरून बघ. टोकाला फाटे किंवा मध्येच पांढरा ठिपका दिसला, की तिथं केस मोडणार.

माझा पहिला संशय टॉवेलवर. आपल्या गावचा टॉवेल पाणी टिपायला नामी, पण ओला केस नाजूक, आणि आपण खसाखसा पुसून वर झटकतो! (मीही वर्षानुवर्षं तेच केलं.) जुना सुती पंचा गुंडाळ, नुसता दाब. गुंता मोठ्या दातांच्या फणीनं, शेंड्यापासून वर सोडव.

न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल लाव. धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, म्हणून शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या पाण्याचे. स्कूटीवर सैल वेणी, वरून ओढणी. आणि फाटलेले शेंडे अर्धा इंच कापून टाक. जीव तुटेल, पण फाटा वर चढण्यापेक्षा बरं.