शांत बसलं म्हणजे गप्प बसलं का?

"बाहेर एवढं सगळं चाललंय आणि मी चटईवर डोळे मिटून बसते, याची लाज वाटते." शब्द बदलतात, पण समुपदेशक म्हणून ही तक्रार माझ्या वारंवार कानावर येते. कधी विद्यार्थ्याकडून, कधी वकिलाकडून, कधी कुठल्या आंदोलनात राबणाऱ्याकडून. या लोकांना झोप लागत नसते, आणि झोपेसाठी काही करायला गेलं की अपराधी वाटतं.

त्यातलीच एक तिशी ओलांडलेली कार्यकर्ती. घरं गेलेल्या माणसांच्या हक्कांसाठी काम करणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्या आहेत.) तिने योगाचा वर्ग रागाने सोडला होता.

"शिक्षक म्हणाले, वाईट माणसांची उपेक्षा करा. ज्यांनी घरं पाडली त्यांच्याकडे दुर्लक्ष करू? मग माझं काम कशासाठी?"

"त्याच सूत्रात दुःखी माणसाबद्दल काय सांगितलंय?"

"करुणा."

"मग ती कुठे सोडायला सांगितलीय?"

पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं, म्हणजे भागातलं, हे 33वं सूत्र. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवंताबद्दल आनंद, पापी माणसाबद्दल उपेक्षा. हेतू एकच, चित्त प्रसन्न राहावं. घर पाडणाऱ्याने रात्री दोन वाजता आपल्या डोक्यात ठाण मांडू नये, एवढ्यापुरती ही उपेक्षा आहे. ज्याचं घर गेलं त्याला वाऱ्यावर सोडा, असं त्यातून निघत नाही. तिला हे पटलं, पण पटल्याने झोप लागत नसते.

माझा कल उघड आहे: आधी श्वास, मग विचार. त्याच पादातल्या 31व्या सूत्रात विक्षिप्त मनाच्या सोबत्यांची यादी आहे. दुःख, खिन्नता, अंगाचा कंप, बिघडलेला श्वास. तिच्यात चारही दिसत होते. दात आवळलेले, खांदे कानाशी, श्वास गळ्याच्या खाली उतरेना. त्यात ती व्हिडिओ बघून रात्री कपालभाती करत होती. जोरकस, भराभर उच्छ्वासाने शरीर जागं होतं; आधीच पेटलेल्या माणसाने झोपेच्या तोंडावर ते करू नये. ते आधी बंद केलं.

मग रोज वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी, बातम्या बघून झाल्यावर निदान अर्ध्या तासाने. सुरुवातीला पाच मिनिटं उभ्याने हात-खांदे मोकळे करणं आणि सावकाश पुढे वाकणं, गुडघे थोडे दुमडून. नंतर पाठीवर पडून पाय भिंतीला टेकवून पाच ते आठ मिनिटं. काचबिंदू किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे टाळायचं आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. त्यानंतर बसून श्वास: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, श्वास रोखायचा नाही, दहा-बारा आवर्तनं. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित उतरते. ज्याला शंका असेल त्याने मनगटावर बोट ठेवून बघावं. शेवटी पाच वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत सोडलेला श्वास, आणि पाच मिनिटं शवासन.

अडचणी अपेक्षेप्रमाणेच आल्या. आकडे गाठायच्या नादात तिला गुदमरायला झालं, तेव्हा तीन आत, चार बाहेर इथपर्यंत खाली आलो. डोळे मिटले की पाडलेल्या वस्तीची दृश्यं यायची. मग डोळे अर्धे उघडे, नजर दीड-दोन मीटरवर जमिनीवरच्या एका ठिपक्याशी आणि शवासनाऐवजी डाव्या कुशीवर पडणं. ज्यांनी भयंकर काही पाहिलंय त्यांना "डोळे मिटा, सगळं सोडून द्या" असं फर्मावणाऱ्यांचा मला राग येतो.

काही आठवड्यांनी झोप सुधारली, आणि खरा प्रश्न त्यानंतर वर आला.

"मॅडम, राग कमी झालाय. भीती वाटते, तोच गेला तर मी काम सोडून देईन. स्वातंत्र्यलढ्यातल्या अरविंद घोषांचं बघा, 1910 मध्ये पुदुच्चेरीला गेले, योगसाधनेत रमले आणि राजकारण सुटलंच ना?"

उदाहरण बिनतोड होतं. मी एवढंच म्हटलं, की अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे योगातले पाचही यम, म्हणजे वागण्याचे नियम, गांधींच्या आश्रमातल्या एकादश व्रतांत होते, आणि त्याच आश्रमातून 12 मार्च 1930 ला दांडीयात्रा निघाली. साधना दोन्हीकडे नेते. कुठे जायचं ते आपलं आपण ठरवायचं.

मग तिला दुसऱ्या पादातलं 34वं सूत्र वाचायला दिलं. वर्गात ते क्वचितच सांगितलं जातं. हिंसेचे त्यात तीन प्रकार: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला आपण अनुमोदन दिलं ती.

"या आठवड्यात तुम्ही कशाला अनुमोदन दिलंत?"

सरकार, कंपन्या, गप्प बसणारे शेजारी, अशी यादी तिच्या ओठांवर आली होती. ती थांबली. बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही; अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हीच निम्मी कामगिरी असते.

"आमच्या संस्थेतले एक ज्येष्ठ," ती शेवटी म्हणाली, "चहा आणणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतात. दर बैठकीत. मी मान खाली घालून टिपणं काढत राहते. मोठा लढा आहे, त्यात हे कशाला, असं वाटतं."

तापलेलं मन दूरच्या अन्यायाकडे धावतं, कारण तिथे फक्त जळता येतं, करण्यासारखं फारसं नसतं. जवळचा अन्याय दिसायला मन जरा स्थिर लागतं, कारण तो दिसला की लगेच काहीतरी करावं लागतं, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. योगाने ती थंड पडेल ही तिची भीती होती. उलट तिला आता अधिक दिसायला लागलं होतं. हे तिला सांगायची वेळच आली नाही, तिने ते स्वतःच म्हटलं, आणि मला त्याचं समाधान आहे.

पुढची तयारी साधी. बोलायची तीन वाक्यं आधी कागदावर: काय घडतं, त्याचा परिणाम काय, काय बदलायला हवं. बैठकीआधी पाच लांब उच्छ्वास, तळपाय जमिनीवर सपाट. त्या ज्येष्ठांना बाजूला गाठून ती बोलली. ते चिडले, माफी मागितली नाही. पुढच्या बैठकीत त्या मुलाला बोलायला लागले तेव्हा तिने सगळ्यांसमोर तीच वाक्यं पुन्हा म्हटली, आणि या वेळी आणखी दोघं तिच्या बाजूने बोलली.

एक खबरदारी. अन्याय स्वतःवरच होत असेल, पगार अडवलाय, वरिष्ठ छळतोय, घरात मारहाण आहे, तर सुरुवात श्वासाने करू नये. आधी तारखांसह नोंदी, संदेश जपून ठेवणं, विश्वासातलं एक माणूस, गरज पडली तर वकील. कामाचे तास तसेच ठेवून कर्मचाऱ्यांना तणावमुक्तीची आसनं शिकवणारी कार्यालयंही असतात. तिथे आसनं जरूर शिका, पण तासांबद्दलचा प्रश्न लेखी विचारा.

बातमी फार जिव्हारी लागेल त्या दिवशी सगळं करायचा अट्टाहास नको. पाय भिंतीला पाच मिनिटं आणि दहा लांब उच्छ्वास, तेवढं पुरे. मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, काम हातून होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.