स्पोर्ट्स कारचे मागचे शॉकअप गेलेत. सोलापुरात बदलून घ्यावेत की गाडी पुण्याला न्यावी? आणि एकच बदलला तर चालेल का?

सोलापुरातच होईल. आणि एक नाही, दोन्ही बदला.

प्रश्नासोबत तुम्ही दिलेल्या माहितीवरून कळतंय ते असं: दुसऱ्या पिढीतली ऑडी टीटी, सेकंड हँड घेतलेली. गतिरोधकावरून उतरताना मागून धप्प असा आवाज येतो, डाव्या शॉकअपवर तेल दिसतंय, आणि खर्चाचा आकडा ऐकून तुम्ही निम्म्यात भागतंय का ते बघताय. माझ्याकडे हीच गाडी गेली सहा वर्षं आहे. माझा धंदा टॉवेलचा, कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मागचे शॉकअप मी दोन वेळा बदललेत. पहिल्या वेळी चुकीच्या पद्धतीने बसवले गेले, म्हणून दुसऱ्यांदा बदलावे लागले. तेव्हा जे कळलं तेच लिहितो.

आधी निदान. आपल्याकडे कोणताही मिस्त्री येतो, डिकीवर दोन्ही हातांनी दाब देतो, गाडी एकदा वर येऊन थांबली की म्हणतो, "काय नाही ओ, मस्त आहे." हाताने दाबल्यावर शॉकअपचा दांडा अगदी सावकाश हलतो. ताशी ऐंशीच्या वेगाने खड्ड्यात गेल्यावर तोच दांडा कितीतरी पट वेगाने आत-बाहेर होतो, आणि झिजलेला शॉकअप तिथे उघडा पडतो. या तपासणीत नापास झाला तर शॉकअप नक्की गेलाय, पण पास झाला म्हणून चांगला आहे असं नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे "मागून गाडी बसलीय, शॉकअप गेले." गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं नाचणं थांबवायचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते, ती बाहेरच्या नळीतून हवेत जाते. गाडी खरंच एका बाजूला खाली असेल तर आधी स्प्रिंग तुटलीय का ते बघा.

खात्रीची लक्षणं तीन. नळीवर नुसता दमटपणा आणि धूळ असेल तर घाबरू नका, पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर सील गेलंय. मागच्या टायरवरून तळहात फिरवा. एकाआड एक उंच-सखल लागलं, खोबणी पडल्यासारखं, तर चाक रस्त्यावर नीट टेकतच नव्हतं. आणि तिसरं लक्षण चालवतानाचं, वळणात खड्डा आला की मागचा भाग किंचित बाहेर सरकतो. तुळजापूरला जाताना घाटातल्या एका वळणावर मला ते पहिल्यांदा जाणवलं. शेजारी बसलेल्या बायकोलाही जाणवलं, हे जास्त महागात पडलं.

ही गोष्ट या गाडीत हलक्यात घेऊ नका. टीटीची पहिली पिढी बाजारात आली तेव्हा जर्मनीत वेगात गाडीचं मागचं अंग सुटून अपघात झाले होते. मग कंपनीने 1999-2000 च्या सुमारास गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले, मागे स्पॉयलर (हवेने गाडी खाली दाबणारी पट्टी) दिला आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, बसवलं. तुमची दुसरी पिढी 2006 मधली, ती बरीच स्थिर आहे. पण ती स्थिर राहते ती शॉकअप धड असताना.

आता पुण्याचं. टीटी म्हटलं की आपले मिस्त्री दोन पावलं मागे सरतात. त्यांना एवढंच सांगा की हिचा मागचा सांगाडा स्कोडा लॉराच्या आणि फोक्सवॅगन जेट्टाच्या घराण्यातला आहे. या गाड्या एकाच मूळ प्लॅटफॉर्मवरून आल्यात: मागे स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक आर्मवर, म्हणजे लोखंडी दांड्यांवर, धरलेलं), स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. सोलापुरात लॉरा उघडून बसवलेले मिस्त्री भरपूर आहेत. मी हे सांगितल्यावर आमच्या मिस्त्रीचा चेहराच बदलला. "मग आधी सांगायचं की मालक, लॉराचं मागचं मला पाठ आहे!"

मागे स्प्रिंग वेगळी असल्याचा फायदा मोठा आहे. पुढच्या चाकांना शॉकअप स्प्रिंगच्या पोटात असतो, तिथे स्प्रिंग दाबून धरायचं यंत्र लागतं आणि ते चुकलं तर माणूस जायबंदी होतो. मागे स्प्रिंगला हातही लावावा लागत नाही. मात्र मिस्त्रीला लॉरा पाठ आहे म्हणून लॉराचाच शॉकअप टीटीला घालू देऊ नका. भोकं जुळतील, गाडी जुळणार नाही, कारण गाडीची उंची, वजन आणि आतल्या झडपांची सेटिंग सगळं वेगळं आहे.

पार्ट मागवण्याआधी जुन्या शॉकअपला वायर जाते का ते बघा. टीटीला मॅग्नेटिक राइड नावाचा प्रकार मिळायचा. त्यात तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात, आतल्या कॉइलमधून वीज गेली की तेल क्षणात घट्ट होतं. असली गाडी असेल तर शॉकअपला कनेक्टर दिसेल, गिअरजवळ शॉकअपच्या चित्राचं बटणही असेल. हे शॉकअप फार महाग असतात. काही जण त्यांच्या जागी साधे घालतात, पण मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि तो घालवायला कंट्रोल युनिटच्या कोडिंगमध्ये हात घालावा लागतो. त्या फंदात पडायचं असेल तर चारही साधे घाला, दोन असे दोन तसे नको. वायर नसेल तर विषय सोपा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात एक स्टिकर असतं, त्यावर सस्पेन्शनचाही कोड असतो. त्याचा आणि चासी नंबरचा फोटो विक्रेत्याला पाठवा, नुसतं "टीटीचा मागचा शॉकअप" म्हणून ऑर्डर देऊ नका. साध्या आणि स्पोर्ट सस्पेन्शनचे शॉकअप वेगवेगळे असतात.

सोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला तर धक्का झेलणारा फोमचा तुकडा), डस्ट कव्हर, वरचं माउंटिंग आणि नवे बोल्ट मागवा. तुमचा तो धप्प आवाज बहुधा बंप स्टॉपचा भुगा झाल्यामुळेच येतोय. सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत हे फोम हाताने चुरगळलं तरी पिठासारखं गळतं. वरचे बोल्ट आधी ठरावीक टॉर्कने (आवळायच्या मोजलेल्या जोराने) आणि मग पुढे काही अंश फिरवून ताणायचे असतात. असे बोल्ट एकदाच वापरायचे. दोनशे रुपये वाचवायला जुनेच लावणारे लोक मी पाहिलेत, त्यात पहिल्या वेळचा मीही आलो.

आता पहिल्या वेळी काय झालं ते. गाडी एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली, चाकं लोंबकळत होती. पोरानं एअर गनने सगळं खोललं, नवे शॉकअप घातले, त्याच गनने सगळं आवळलं. तासात काम खलास. मीही खूश. चार-पाच महिन्यांत डाव्या बाजूने कुईकुई सुरू झालं, मग ठकठक. उघडून पाहिलं तर शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला (बोल्ट जातो त्या कड्यातला) रबराचा बुश फाटलेला, आणि दांड्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे, तिथून तेल सुरू. दोन चुका, दोन्ही टाळता येण्यासारख्या.

ओरखड्यांचं कारण साधं. वरचा नट आवळताना दांडा स्वतःभोवती फिरतो, म्हणून पोरानं तो पकडीने धरला. तो दांडा आरशासारखा गुळगुळीत असतो आणि सील त्याच्यावरूनच घासत जातं. एक चरा पडला की सील कापलं जायला सुरुवात होते. दांडा धरायला टोकाला खाच दिलेली असते, तिथे अॅलन की घालायची आणि नट हाताच्या पान्याने फिरवायचा. या नटावर एअर गन अजिबात नको.

बुशचं मात्र नीट समजून घ्या. खालच्या डोळ्यातलं रबर आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर त्या स्थितीत रबर सैल, आणि गाडी खाली उतरवली की कायमचं पिळलेलं. मग प्रत्येक खड्ड्याला त्या पिळात आणखी पीळ. म्हणून खालचा बोल्ट आधी नुसता हाताने आवळायचा आणि शेवटचा टॉर्क गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असतानाच द्यायचा. तुमच्या मिस्त्रीला बाकी काही सांगितलं नाहीत तरी हे सांगा.

दुसऱ्या वेळी आम्ही कारखान्यातच केलं, मी आणि आमचा जॉबर. तीस वर्षं माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला नट-बोल्टची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिलं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावल्या, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो आणि तीच उचलायची असतात. मागून उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी टेकू) लावल्या. नुसत्या जॅकवर काम करू नका, जॉबर त्यावर कुणाला हातही घालू देत नाही.

चाक काढल्यावर खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार द्या. शॉकअप हाच चाकाला जास्त खाली लोंबकळू देत नसतो, तो निघाला की आर्म खाली पडतो आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. हेडलाइटची उंची ठरवणारा सेन्सर असेल तर त्याची बारीक दांडी आर्मवरच असते, ती प्लास्टिकची आहे, टामी मारताना जपा. मग खालचा एक बोल्ट, वर चाकाच्या कमानीत दोन बोल्ट, आणि शॉकअप हातात येतो. माउंटिंग आणि बंप स्टॉप टेबलावर जोडायचं. नवा शॉकअप ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला) असेल तर बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबा आणि ओढा, आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा वर जाते. मोनोट्यूबला (एकाच नळीच्या शॉकअपला) याची गरज नाही.

सगळं हलकं आवळल्यावर हबखाली (चाक बसतं त्या भागाखाली) जॅक लावून खडूने लिहिलेलं अंतर येईपर्यंत चाकाची बाजू वर घ्या. इथे आमची पंचाईत झाली, गाडी मागून हलकी असल्याने ती घोडीवरूनच उचलली जायला लागली. जॉबर आत गेला आणि टॉवेलच्या गाठी आणून डिकीत रचल्या. गाडी बसली, अंतर जुळलं, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर बोल्ट आवळला. तुमच्याकडे टॉवेल नसतील तर सिमेंटच्या गोण्या चालतील, किंवा सरळ खड्डा असलेलं जुनं गॅरेज शोधा. तिथे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि खालून बोल्ट आवळता येतो. गाडी आत घालण्याआधी पुढचा बंपर घासतो का तेवढं बघा. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरने, पान्यावर उभं राहून नव्हे.

दोन्ही का बदलायचे? एक नवा आणि एक दमलेला असेल तर डाव्या वळणात गाडी वेगळी वागते आणि उजव्या वळणात वेगळी. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागून सुटून झटकन लेन बदलताना हा फरक नको. पुढचे चांगले असतील तर ते आत्ता बदलायची गरज नाही.

अलाइनमेंट सक्तीची नाही, कारण चाकाचा कोन ठरवणारे आर्म आपण सोडलेलेच नसतात. पण टायर एका कडेने खाल्लेलं असेल तर करून घ्या, ते दुखणं शॉकअपचं नसतं. खोबणी पडलेलं टायर मात्र नव्या शॉकअपवरही घरघर करत राहील, म्हणून आवाज गेला नाही तर लगेच मिस्त्रीला शिव्या देऊ नका.

जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना आत दाबलेला गॅस आहे हे सांगा. आमच्याकडचा भंगारवाला ते गॅस कटरने कापायला निघाला होता. जॉबरनं त्याच्या हातातून काढून घेतले, आणि ते अजून कारखान्याच्या कोपऱ्यात पडून आहेत.